घे, सोड, बस

कल्याणच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होते, तेव्हाची ही हकीकत. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आजवर दोन-तीनदा मी ती लिहायला घेतली आणि दर वेळी कागद फाडून टाकला, कारण लिहिता लिहिता माझं अक्षर बिघडायचं. एरवी माझं अक्षर चांगलं आहे. या प्रकरणात त्या चांगल्या अक्षराचाही हात आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

डोंबिवलीत तेव्हा एक हौशी नाट्यमंडळ होतं. रेल्वेतले आणि बँकेतले कारकून, दोन शिक्षक, एक वकील, अशी मंडळी. तालमी रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये चालत. मंडळाचे दिग्दर्शक मुंबईच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी रंगवलेला पडदा त्यांनी पाहिला आणि थेट घरी येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या मुलीला नजर आहे. आमच्या नाटकाचं नेपथ्य करील का ती?"

नाटकात बाईनं काम करायचं म्हटलं तरी लोक नाकं मुरडत, आणि इथे तर पुरुषांमध्ये हातोडी-खिळे घेऊन वावरायचं होतं. वडील दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दिवेलागणीच्या आत घरी यायचं." झालं. सरांचे हे उपकार मी नाकारत नाही. पुढे त्यांनीच ते मला बोलून दाखवले, तेव्हा नाकारायची सोयही राहिली नाही.

मिस्त्रींची गाठ त्या हॉलमध्येच पडली. साठीला टेकलेले, काटकुळे, कानावर कायम पेन्सिल. उभं आयुष्य एका संगीत नाटक कंपनीत पडद्यामागे गेलेलं. बोलपट आले आणि कंपनी बसली. मग कल्याणला येऊन खाडीजवळच्या लाकडाच्या वखारीला लागून त्यांनी पत्र्याची शेड टाकली आणि दारं, खिडक्या, पाळणे करू लागले. नाटकाचं काम निघालं की मात्र हातातला पाळणा अर्धा टाकून यायचे.

पहिल्या नाटकासाठी मी एक चौदा फुटांची अखंड भिंत काढली होती. वर कोनाडे, त्यात समया. मिस्त्रींनी कागद बराच वेळ न्याहाळला.

"बाई, चित्र झकास आहे," ते म्हणाले. "फक्त एवढं सांगा, ही भिंत या दारातनं आत कशी आणायची?"

हॉलचं दार साडेतीन फुटी होतं. मी लाजेनं लाल झाले. ते हसले नाहीत. तिथेच जमिनीवर बसून त्यांनी भिंतीचे चार तुकडे केले, सांधे कुठे लपतील ते दाखवलं, आणि कोनाडा खरा खोदायचा की रंगवायचा याचा निर्णय माझ्यावर सोडला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर, दर रविवारी सकाळी, मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसत असे आणि मग त्यांच्याबरोबरच डोंबिवलीला तालमीला. मला जे काही नेपथ्य येतं ते त्या शेडमध्ये शिकलेलं आहे.

तिथेच मी त्यांचे शब्द लिहायला लागले. सुरुवात गंमत म्हणून झाली. भिंतीच्या मागे जो तिरका टेकू लावतात, त्याला ते आळशी म्हणत. "दिवसभर रेलून उभा असतो, दुसरं काम नाही त्याला." रंगमंचाची उजवी-डावी बाजू सांगताना नेहमी घोटाळा होतो, कारण नटाची उजवी ती बघणाऱ्याची डावी. कंपनीत तो घोटाळा नव्हता. ज्या बाजूला रंगपट, म्हणजे नटांची रंगायची खोली, असे ती माहेरची बाजू, आणि समोरची सासरची. "आळशी सासरला लावा," असं मिस्त्री म्हणाले की मला आधी हसू यायचं आणि मग कळायचं की यात चूक होणं शक्यच नाही.

पण ज्या शब्दांमुळे मी वही सुरू केली ते अगदी साधे होते. वर टांगलेली वस्तू, म्हणजे पडदा, झालर, कमान, दोरानं वरखाली करतात. वर न्यायची असली की मिस्त्री म्हणत "घे". खाली आणायची असली की "सोड". थांबवायची असली की "बस".

मी विचारलं, "घे कशाला? ओढ म्हणा ना. दोर तर ओढतातच."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "मोठ्यानं म्हणून बघा. ओढ. सोड."

मी म्हटलं.

"आता तोंडावर हात धरून म्हणा."

मी तोंडावर हात धरून म्हटलं. दोन्ही शब्द सारखेच ऐकू आले.

"पुढे गाणं चालू असतं, पेटी वाजत असते, लोक टाळ्या देत असतात," ते म्हणाले. "मागे आपल्याला ओरडता येत नाही. अर्धाच शब्द कानावर येतो. त्या अर्ध्यावर एक माणूस दोर सोडतो, आणि त्या दोराखाली दुसरा माणूस उभा असतो. आमच्या गुरूनं ओढ हा शब्द कंपनीत बंद केला होता. म्हणाला, कुणी उच्चारला तर त्या दिवशी जेवण नाही."

त्या दिवशी मी घरी येऊन शंभर पानी वही काढली. वर्षभरात ती जवळजवळ भरली. प्रत्येक शब्दापुढे छोटं चित्र, आणि तो शब्द तसाच का, हे मिस्त्री सांगतील तसं. काही शब्द त्यांनाही कुठून आले ते ठाऊक नव्हतं. "आमच्या आधीचे," एवढंच म्हणायचे. मी वहीत लिहिते आहे याचा त्यांना आनंद व्हायचा. तो लपवायला ते माझ्याकडे पाठ करून फळी घासत बसत.

ती वही मीच सरांना दाखवली. कुणी मागितली नव्हती. मला वाटलं, सर खूश होतील.

सर खूश झालेही. त्या दिवसांत सगळीकडे मराठी शब्द घडवायची लाट होती. साहेब गेला, आता त्याचे शब्दही जाऊ देत, असं म्हणणारी माणसं मनापासून म्हणत होती, आणि सर त्यांतले होते. नाटकात विंग, फ्लॅट, डिमर हे शब्द ऐकले की त्यांचा चेहरा कडू व्हायचा. "आपण रंगभूमीची परिभाषा तयार करू," ते मला म्हणाले. "तुमची वही पाया म्हणून घेऊ. हे काम पन्नास वर्षं टिकेल." मला आकाश ठेंगणं झालं.

दोन महिन्यांनी त्यांनी यादी केली. विंगेला पार्श्विका. फ्लॅटला चित्रफलक. इथपर्यंत मला काही वाटलं नाही, साहेबाचे शब्द गेले तर गेले. पण पुढे वाचलं तर आळशीला आधारदंड. माहेर आणि सासर यांना वामपक्ष आणि दक्षिणपक्ष, म्हणजे तो जुना घोटाळा पुन्हा दारात. आणि घे या शब्दापुढे लिहिलं होतं उन्नयन. सोडपुढे अवनयन.

"सर, हे तर आपलेच शब्द आहेत," मी म्हटलं. "घे, सोड. यांना काय झालं?"

"ही बोली आहे. हे शास्त्र नव्हे," सर म्हणाले. "शास्त्राला व्युत्पत्ती लागते. मिस्त्रींचे शब्द आपण परिशिष्टात देऊ. त्यांच्या नावासकट. तुम्ही फक्त एक सुवाच्य प्रत करून द्या, छापखान्यासाठी."

मी प्रत करून दिली. चार रविवार बसून, बोरूनं, ठळक. उन्नयन आणि अवनयन हे दोन शब्द माझ्या हातानं एकाखाली एक लिहिले आणि शाई वाळेपर्यंत त्यांच्याकडे कौतुकानं पाहत बसले. वही सरांकडेच राहिली, परिशिष्टासाठी.

पुस्तिका छापायच्या आधी शब्द वापरून पाहायचे, असं सरांनी ठरवलं. नव्या नाटकाच्या तालमीत फक्त नवे शब्द. आणि वरखालीच्या सूचना फक्त दिग्दर्शक देणार, मागे आपापसांत बोलायचं नाही. मिस्त्रींना यादीची एक प्रत मी नेऊन दिली. ते वाचायला शिकलेले होते, पण सावकाश, बोट ठेवून. आठवडाभर त्यांनी ती यादी शेडच्या पत्र्याला टाचून ठेवली आणि रंधा मारता मारता पाठ केली. साठ वर्षांचा माणूस, आपल्याच कामाची नावं परीक्षेसारखी घोकत होता. त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं. आज आठवलं की अंगाची आग होते.

पुढच्या रविवारी ते मला म्हणाले, "बाई, बाकी सगळं चालेल. जीभ वळेल हळूहळू. पण हे दोन शेवटी सारखे आहेत. उन्नयन, अवनयन. मागे उभं राहिलं तर नुसतं नयन ऐकू येतं. सरांना सांगा."

मी सांगितलं. सर पेन्सिलीनं संहितेत खुणा करत होते, मान वर न करता म्हणाले, "सवयीचा प्रश्न आहे. पंधरा दिवसांत होईल."

मी परत येऊन मिस्त्रींना म्हटलं, "सर म्हणतात, सवय होईल."

ते काही बोलले नाहीत. मीही आणखी काही बोलले नाही. तिथे मी भांडायला हवं होतं. मला ओढ-सोड माहीत होतं, तोंडावर हात धरून मी स्वतः ते म्हणून पाहिलं होतं. सरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांचं अज्ञान होतं, माझं काय होतं?

नव्या नाटकात देवळाचं दार होतं. दोन बाजूंना दोन खांब, आणि वर सागवानी तुळईला ठोकलेली रंगवलेली कमान. दुसऱ्या अंकात कमान वरून खाली यायची आणि तुळईची टोकं खांबांच्या डोक्यावरच्या खाचांमध्ये बसायची. तुळई चांगलीच जड होती. हलकी करता आली असती, पण मला ती खरी दिसायला हवी होती.

प्रयोगाच्या आधीचा रविवार. दुपारचे चार वाजले असतील. तुळई खाली येऊन एका टोकाला तिरकी बसली. सासरच्या बाजूच्या खाचेत लाकडाची ढलपी अडकली होती. मिस्त्री स्टुलावर चढले. पलीकडे पडद्याआड दोराशी मंडळातले एक बँकेचे कारकून होते, गृहस्थ माणूस, हौसेनं मागचं काम करायचे. दोर खुंटीवरून सोडवून त्यांनी हातात धरला होता.

मिस्त्रींनी सरांकडे पाहून सांगितलं, "जरा वर घ्यायला सांगा, सर. चार बोटं."

आणि खाचेतली ढलपी काढायला त्यांनी हात आत घातला, तुळई वर जाणार म्हणून.

हॉलमध्ये पेटीवाले सूर लावत होते, तबल्यावर हातोडी पडत होती. सर मागच्या रांगेत बसले होते. तिथून त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "उन्नयन."

मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते, मला स्वच्छ ऐकू आलं. दोराशी उभ्या माणसाला आलं नाही. त्यांनी दोर सोडला.

मिस्त्री ओरडले नाहीत. एक आवाज झाला, ओली फांदी मोडल्यासारखा, आणि मग ते अगदी हळू म्हणाले, "घे. घे. घे."

तीन माणसांनी मिळून दोर ओढला. हात बाहेर आला. कुणीतरी धोतर फाडून बांधलं. त्यांना गाडीनं कल्याणला आणलं आणि स्टेशनाबाहेरून टांग्यातून दवाखान्यात नेलं. टांग्यात मी त्यांच्या शेजारी होते. ते डोळे मिटून होते. एकदाच उघडले आणि म्हणाले, "तुळईला काही झालं नाही ना?"

उजव्या हाताची तीन बोटं चेचली होती. त्यांतली दोन काढावी लागली.

बुधवारी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. शाळेतून सुटून मी गेले. बैठकीचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडेच असायचं, अक्षर चांगलं म्हणून. वकीलसाहेबांनी मजकूर सांगायला सुरुवात केली: "तालमीच्या वेळी मंडळाचे सुतार यांना नव्या सूचना नीट न समजल्याने व त्यांनी निष्काळजीपणे हात..."

मी लेखणी थांबवली. "असं झालेलं नाही," मी म्हटलं. "मिस्त्रींना सूचना समजली होती. उन्नयन म्हणजे वर हे त्यांना पक्कं पाठ होतं, म्हणून तर त्यांनी हात घातला. दोराशी ऐकू आली नाही ती."

कारकून माझ्यासमोरच बसले होते. त्यांची मान खाली होती.

"तुम्ही सांगा ना, तुम्हाला काय ऐकू आलं?" मी त्यांना विचारलं.

ते काही बोलले नाहीत.

सर शांतपणे म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण शब्दांनी बोटं तुटत नाहीत. तुळईनं तुटली."

"तुळई शब्दावर चालते, सर," मी म्हटलं. "मिस्त्रींनी सांगितलं होतं. मी तुम्हाला येऊन सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सवय होईल."

"आवाज खाली करा," वकीलसाहेब म्हणाले. बाईमाणूस चढ्या आवाजात बोललं की त्या काळी पहिली दुरुस्ती आवाजाची होत असे.

मी आवाज खाली केला आणि लिहू लागले. जे घडलं ते, क्रमानं, कुणी काय म्हटलं यासकट. पान भरलं. मग ते मी वाचून दाखवलं. वकीलसाहेबांनी हात पुढे करून वही घेतली, पान जपून फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि शेजारच्या शिक्षकाला म्हणाले, "तुम्ही लिहा." त्यांचं अक्षर गचाळ होतं. तरी त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कारकून आमच्या घरी आले. दारातच उभे राहिले.

"मला अवनयन ऐकू आलं," ते म्हणाले. "देवाशपथ. काल मी बोलायला हवं होतं."

"मग काल का नाही बोललात?"

"सर समोर होते."

"आज इथे कुणी नाहीये, म्हणून आलात," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं. आईनं आतून विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, कुणी नाही. त्या माणसाशी मी फार वाईट वागले. निदान तो घरापर्यंत आला होता. आणि काल सर समोर होते म्हणून तो गप्प बसला, तर त्याआधी दोन रविवार मी कशासाठी गप्प बसले होते?

नाटक मात्र झालं. तारीख ठरली होती, तिकिटं गेली होती. मी गेले, कारण देवळाच्या दाराचं काम अर्धवट होतं आणि ते मिस्त्रींनी सुरू केलं होतं. प्रयोग संध्याकाळी होता. त्या दिवशी वडील स्वतः बरोबर आले आणि पहिल्या रांगेत बसले. मिस्त्रींच्या जागी ठाण्याहून एक सुतार आणला होता, त्याला यातला एकही शब्द माहीत नव्हता. सर मागे विंगेत उभे होते. दुसऱ्या अंकात कमान खाली यायला लागली आणि मध्येच दोर कप्पीत अडकला. पुढे नायिकेचं पद संपत आलं होतं. कमान अर्ध्यात लटकलेली. सरांचा चेहरा पांढरा पडला. ते दोराशी उभ्या त्या सुताराकडे झेपावले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अरे सोड. सोड. सोड रे."

दोर सुटला, कमान नीट खाली आली. लोकांनी टाळ्या दिल्या. सर वळले तर समोर मी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता तरी काही म्हणतील. त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं आणि माहेरच्या बाजूला निघून गेले. त्यांच्या यादीत ती कोणत्या पक्षात होती ते मला त्या क्षणी आठवेना, आणि त्यांनाही आठवत असेल असं वाटत नाही.

तीन महिन्यांनी पुस्तिका निघाली. मला टपालानं एक प्रत आली. परिशिष्ट नव्हतं. मिस्त्रींचं नाव कुठेही नव्हतं. प्रस्तावनेत एक वाक्य होतं, की रंगमंचावरील अशिक्षित कामगारांच्या तोंडी रुळलेले अपभ्रष्ट शब्द बाजूला सारून शुद्ध संज्ञा योजल्या आहेत. शेवटी आभार. सुवाच्य हस्तलिखित करून दिल्याबद्दल माझे.

पुस्तिका घेऊन मी त्याच दुपारी सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं चहा ठेवला. मी म्हटलं, "मला माझी वही पाहिजे."

"शोधली मी," सर म्हणाले. "घर बदललं ना आम्ही मध्ये. रद्दीत गेली असावी."

ते खोटं बोलत नव्हते. तेच मला सहन होईना. लपवली असती, जाळली असती, तर तिला काही किंमत होती असं तरी झालं असतं. ती रद्दीत गेली होती.

"वर्षभराचं काम होतं ते," मी म्हटलं. "त्यांच्या उभ्या जन्माचं होतं."

"सार पुस्तिकेत आलंच आहे."

"यात एकही शब्द त्यांचा नाही, सर. तुम्ही स्वतः सुद्धा तुमचा शब्द वापरला नाहीत. कमान अडकली तेव्हा काय म्हणालात?"

त्यांनी पुस्तिका माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तुम्हाला नेपथ्याचं काम पहिल्यांदा कुणी दिलं, ते विसरू नका."

चहा तसाच ठेवून मी उठले. त्या मंडळात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

मिस्त्रींची शेड तोवर बंद झाली होती. उजव्या हातानं रंधा धरता येत नव्हता. त्यांची मुलगी टिटवाळ्याला दिली होती, ती त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. मी एका रविवारी नवी वही घेऊन टिटवाळ्याला गेले. ते ओटीवर बसून डाव्या हातानं वाल सोलत होते. मला पाहून सरकून जागा करून दिली. मी सगळं सांगितलं, पुस्तिका, प्रस्तावना, रद्दी. सांगताना माझा आवाज चढत गेला. ते वाल सोलत राहिले.

"आपण पुन्हा लिहू," मी म्हटलं. "पहिल्यापासून. मी दर रविवारी येते. या वेळी तुमच्याच नावानं छापू."

"नको, बाई."

"का नको?"

"एकदा सांगितले ना."

"पण ते गेले, मिस्त्री. तुम्ही सांगितले नाहीत तर कायमचे जातील."

त्यांनी हातातला वाल वाटीत टाकला. "पहिल्यांदा तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला शिकायचं होतं. मला बरं वाटायचं. आता तुम्हाला सरांना दाखवायचंय." ते रागावलेले नव्हते. "त्यासाठी माझ्याच्यानं नाही होणार."

मला त्यांचा राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. बोटं त्यांची गेली, शब्द त्यांचे गेले, आणि रागावायचं काम त्यांनी माझ्या एकटीवर टाकलं होतं. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, असंही मी बोलून गेले. त्यांनी तांब्या पुढे केला. पाणी प्या, म्हणाले.

तरी मी पुन्हा गेले. पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. वही पिशवीत ठेवायची, बाहेर काढायची नाही, बोलता बोलता एखादा शब्द येतो का पाहायचं. आला नाही. ते पावसाचं बोलत, नातवाचं बोलत, गणपतीच्या देवळाशी होणाऱ्या गर्दीचं बोलत. लाकडाचा विषय निघाला की गप्प होत.

तिसऱ्या वेळी निघाले तेव्हा त्यांची मुलगी मला सोडायला स्टेशनापर्यंत आली. माझ्याच वयाची, कडेवर मूल. फलाटाशी आल्यावर म्हणाली, "बाई, रागावू नका. तुम्ही येऊन गेलात की बाबा दोन दिवस जेवत नाहीत. हात मांडीखाली घालून बसतात."

"मी काही बोलत नाही त्यांना," मी म्हटलं.

"तुम्ही चांगल्याच आहात हो. पण तुम्हाला बघितलं की त्यांना सगळं आठवतं. तुम्हाला काय पाहिजे ते त्यांना कळतं, आणि देता येत नाही." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "नका येऊ तुम्ही."

तिच्या बोलण्यात राग होता, आणि माझ्या रागापेक्षा तो जास्त रास्त होता. गाडी यायला वेळ होता. ती थांबली नाही, मुलाला खांद्यावर घेऊन रूळ ओलांडून निघून गेली.

मी पुन्हा टिटवाळ्याला गेले नाही. आठवतील तेवढे शब्द मी त्या नव्या वहीत लिहून काढले; चाळीसेक भरले, पुढे पानं कोरी राहिली. शाळेतल्या मुलींची नाटकं मी पुढे बरीच वर्षं बसवली. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा सरांनी ती आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला भेट पाठवली. ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे कौतुकानं आणून दिली, तुमचं नाव आहे आत, म्हणाल्या. मी आभारांचं पान उघडलं, माझ्या नावावर शाईनं काट मारली, आणि पुस्तक त्यांना परत दिलं. ग्रंथालयाच्या पुस्तकावर काट मारल्याबद्दल मुख्याध्यापिकांनी मला लेखी ताकीद दिली.